पाठ तपासणाऱ्या बाया

लसूण काढणी ऐन भरात होती. पाटीदाराच्या शेतात बारा बाया ओळीनं बसल्या होत्या. विळ्याची मूठ पायाखाली दाबायची, पातं वर, आणि दोन्ही हातांनी लसणाची जुडी ओढायची. पात एकीकडे, गड्डा एकीकडे. दहा वाजेस्तोवर हात पोळायला लागत. दुपारी त्याच हातांनी भाकरी मोडली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पुसायला हात उचलावा तर आणखी आग. दुर्गाबाईंना हे सगळं इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. त्या मनगटानं डोळे पुसायच्या.

बांधावरून चिंतामण येताना दिसला. चिंतामण म्हणजे कॉलेजचा बाबू. सडपातळ, चष्मेवाला, आणि स्वभावानं इतका सरळ की त्याला खोटं बोलायला सांगावं तर तो आधी कागद मागेल.

"दुर्गाबाई, गडबड झाली," तो म्हणाला. "मतलब, माझ्याकडूनच झाली."

"बसा आधी. पाणी प्या."

तो बसला नाही. "गुरुवारी कमिटी येतेय. कोर्सच्या मान्यतेसाठी. आणि प्राचार्य सरांनी सांगितलंय, तुम्ही बायांनी गुरुवारपर्यंत कॉलेजात पाऊल टाकायचं नाही."

ओळीतले विळे थांबले. शेजारी बसलेली मनोरमा मोठ्यानं म्हणाली, "का भिया चिंतामण? आम्हाला काय खरूज झाली?"

चिंतामणची मान खाली गेली.

आता हे कॉलेज म्हणजे काय, ते सांगायला हवं. इंदूरजवळच्या महूच्या पुढं आठ किलोमीटरवर बोरखेडी, आणि बोरखेडीच्या वेशीवर कांद्याचं जुनं गोदाम. सुभेदार धोंडिबा पलटणीतून निवृत्त होऊन परत आले तेव्हा त्यांनी ते गोदाम घेतलं आणि शिक्षक तयार करायचा वर्ग काढला. पलटणीत त्यांनी अंगठेबहाद्दर जवानांना लिहायला शिकवलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की शाळेत आलेल्या पोराला कुणीही शिकवेल, ते बिचारं मार खाऊनसुद्धा शिकतं. खरा मास्तर तो, जो कामात गुंतलेल्या माणसाला त्याचं काम न थांबवता शिकवू शकतो. म्हणून त्यांनी नियम केला. प्रत्येक शिकाऊ शिक्षकाचा पहिला पाठ शाळेत नाही, शेतात. ऐकणारी बाई शाळेत न गेलेली पाहिजे. पाठ संपला की तिनं उठून शेजारणीला तीच गोष्ट सांगायची. शेजारणीला कळली तर पास. नाही कळली तर शिक्षक नापास, बाई नाही. आणि पाठाच्या वहीत 'निरीक्षक' लिहिलेलं असतं तिथं त्या बाईचा अंगठा.

गोदामाला खोल्या झाल्या, एक वर्षाचा वर्ग दोन वर्षांचा डिप्लोमा झाला, सुभेदार गेले, भिंतीवर मान्यतेची पत्रं एकाशेजारी एक लागत गेली. नियम मात्र तोच राहिला. याआधीच्या कमिट्या येत, खोल्या मापून बघत, नळाला पाणी आहे का बघत, पोहे-जिलबी खाऊन जात. वह्या कुणी उघडल्याच नव्हत्या. यंदा भोपाळच्या शिक्षण परिषदेनं नवा फॉर्म काढला. त्यात विचारलं होतं: पाठांचं निरीक्षण कुणी केलं, त्यांची शैक्षणिक पात्रता काय. दुसऱ्या कॉलेजातला एखादा तयार बाबू असता तर त्यानं मास्तरांची चार नावं ठोकून दिली असती. चिंतामणनं चाळीस पाठांची पानं स्कॅन केली, अंगठ्यांसकट, आणि पात्रतेच्या रकान्यात चाळीस वेळा लिहिलं, 'निरक्षर'. सेव्ह केलं, पाठवलं, आणि समाधानानं डबा खाल्ला.

आठ दिवसांत उत्तर आलं. निरीक्षण अपात्र व्यक्तींकडून, मान्यता का रोखू नये ते सांगा.

"मी तं खरं तेच लिहिलं होतं," चिंतामण म्हणाला.

"बरोबरच केलं तुम्ही," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि पुढची जुडी ओढली. पण गड्डा वेडावाकडा कापला गेला.

संध्याकाळी त्या घरी आल्या तर सून मोनाली ओट्यावर वह्या पसरून बसलेली. मोनाली त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. लग्नानंतर तीन वर्षं महूच्या एका दवाखान्यात पावत्या फाडल्या, मग हट्टानं नाव घातलं. सरकारी शिक्षक भरतीची जाहिरात जुलैत निघणार होती, आणि मान्यता असलेल्या कोर्सचाच डिप्लोमा त्यात चालणार होता. मान्यता गेली तर तिची दोन वर्षं मातीत. हे तिला माहीत होतं, दुर्गाबाईंना माहीत होतं, आणि मुलगा संघदीप पीथमपूरच्या कंपनीतून थकून आला तरी जेवताना रोज एकदा हेच बोलत होता.

"काय लिहितेस?"

मोनालीनं वही अर्धवट मिटली. "सरांनी नव्या वह्या दिल्यात. सगळ्यांना. मतलब, जुने पाठ फ्रेश लिहायचेत. आधीची पानं चुकून गेली, असं सांगणार आहेत."

"आणि खाली अंगठा?"

"खाली सर सह्या करणार."

दुर्गाबाईंनी हात धुतले. दोनदा साबण लावला, तरी लसणाचा वास जाईना. मग त्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांना अक्षरं अगदीच येत नव्हती असं नाही. बसच्या पाट्या वाचत, आकडे ओळखत, नाव लिहीत. सव्वीस वर्षं पाठ ऐकून एवढं तर येणारच. वहीतलं 'पास' त्यांनी बरोबर ओळखलं.

"हा तुझा ग्रहणाचा पाठ ना?"

"हो."

"यात तू पास आहेस."

मोनालीनं वहीवर हात ठेवला.

या पाठाची कथा घरात सगळ्यांना माहीत होती, आणि कुणी काढत नव्हतं. मोनालीनं पहिल्यांदा ग्रहण शिकवलं तेव्हा ती वहीत बघून बोलत होती. दुर्गाबाईंना कळलं, पण मनोरमाला सांगायला गेल्या तर जीभ अडखळली. नापास. दुसऱ्यांदा मोनालीनं कांदा, लसूण आणि टॉर्च घेतला. छान रंगलं. मनोरमानं फक्त एक विचारलं, "मग दर अमावस्येला ग्रहण का नाही लागत गं?" मोनाली म्हणाली, ते कोर्समध्ये नाही. पुन्हा नापास. सासूनं सुनेला सगळ्या शेतासमोर दोनदा नापास केलं. त्यानंतर आठ दिवस घरात फक्त ताटवाट्यांचे आवाज होते.

"मम्मीजी, मला काही शौक नाही," मोनाली आता म्हणाली. "चाळीस मुली आहोत आम्ही. कुणाचं लग्न ठरलंय या नोकरीच्या भरवशावर. तुमच्या अंगठ्यापायी सगळ्यांनी घरी बसायचं का?"

शब्द तोंडातून गेले आणि तिनं ओठ चावला. दुर्गाबाईंना ते लागलं, अगदी आत जाऊन लागलं. त्यांनी आपला अंगठा बघितला. लसणानं कातडी निघून गुलाबी झालेला, रेघासुद्धा उरल्या नव्हत्या.

संघदीप दारातून म्हणाला, "आई, तू यात पडू नको, यार. बिलकुल पडू नको. गुरुवारी कामावर जा, शाम को घर आ. बस."

"मी पडले नाही. मला सुभेदारांनी बोलावून बसवलं होतं."

"सुभेदार गेले त्याला अठरा वर्षं झाली."

"ते गेले. मी आहे ना."

त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत दुर्गाबाई सरळ कॉलेजात गेल्या. प्राचार्य वासुदेव सर इंदूरच्या सुदामा नगरहून रोज मोटारसायकलवर येत. माणूस वाईट नव्हता. पाच वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं आणि तोवर कुणाशी भांडण नको होतं, एवढंच त्याचं दुखणं. सर फाटकातच भेटले.

"दुर्गाबाई, निरोप मिळाला ना?"

"मिळाला. म्हणून आले."

"हे बघा, हे फक्त कागदापुरतं आहे. कमिटी गेली की तुम्ही पहिल्यासारख्या पाठ ऐका. कोण अडवतंय?"

"म्हणजे पाठ आम्ही ऐकायचा आणि तपासला तुम्ही म्हणायचं."

"कागदावर."

"सरजी, मी नापास केलेल्या पोरी तुमच्या कागदावर पास झाल्यात. मग शेतात ऐकायचं कशाला? दगडासमोर बोला म्हणावं त्यांना. दगड कुणाला नापास करत नाही."

सरांनी इकडंतिकडं पाहिलं. रंगवाला भिंतीला पिवळा रंग मारत होता, तो हसला. सर लाल झाले. "गुरुवारी इथं दिसू नका. हात जोडतो," ते म्हणाले, आणि खरंच हात जोडले. दुर्गाबाईंना कुणी हाकललं असतं तर चाललं असतं. त्या जोडलेल्या हातांत त्यांना जास्त अपमान वाटला. शेतात परत येईपर्यंत सुटी संपली होती, आणि मुकादमानं त्यांचा अर्धा तास कापला.

बुधवारी ऊन भयंकर होतं. कापून झालेल्या लसणाच्या ढिगांवरून झळा उठत होत्या. दुर्गाबाई मान वर न करता जुड्या ओढत होत्या, आणि त्यांच्यामागं सगळी ओळ. शेवटी मनोरमाच म्हणाली, "चलायचं का उद्या?"

"दिवसाचा रोज बुडेल."

"बुडू दे. माझ्याही अंगठ्यावर पंधरा मास्तर पास झालेत. एक तं आता हेडमास्तर आहे तिकडं मानपूरला. त्याला सांगू का, की बाबा तू खोटा पास झालास?"

बाया हसल्या. हसता हसता ठरून गेलं. घरी दुर्गाबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त धुतलेलं पांढरं लुगडं दोरीवरून काढून उशाशी ठेवलं. मोनालीनं ते पाहिलं. 

गुरुवारी अकरा वाजता कमिटी आली. दोघंजण होते. अध्यक्ष डॉक्टर यशवर्धन, इंदूरच्याच तुकोगंजातले, केस काळेभोर रंगवलेले, आवाज मऊ. सोबत यामिनी मॅडम, तरुण, हातात फॉर्मांची जाड फाइल. हॉलमध्ये पंखे फिरत होते, टेबलावर नवा कपडा, आणि कपड्यावर चाळीस नव्या करकरीत वह्या. अध्यक्षांनी एक वही उघडली, पानं चाळली, नाकाशी नेली.

"वासुदेवजी, शाई अजून ओली आहे की."

सर हसले. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी फाइलीतून चिंतामणनं पाठवलेली पानं काढून वहीशेजारी ठेवली. एका पानावर दोन नापास आणि दोन अंगठे. दुसऱ्या पानावर तोच पाठ, तीच तारीख, एक पास आणि एक झोकदार सही.

"हे कुणाचं?"

मागच्या बाकावरून मोनाली उभी राहिली. "माझं सर."

"यातलं खरं कोणतं?"

वासुदेव सरांनी घसा खाकरला. मोनालीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग दाराकडं. दारात पांढऱ्या लुगड्यातली तिची सासू उभी होती, मागं मनोरमा, त्यांच्या मागं बाकीच्या दहा. सगळ्यांना लसणाचा वास येत होता, तो पंख्यानं हॉलभर पसरला.

"अंगठ्याचं," मोनाली म्हणाली. "मी दोनदा नापास आहे."

चिंतामणनं चष्मा काढून पुसला. सर खुर्चीत बसले ते पुन्हा लवकर उठलेच नाहीत.

"जय भीम साहेब," दुर्गाबाई आत येत म्हणाल्या. "ते अंगठे आमचे."

यशवर्धन आडदांड माणूस नव्हते. त्यांनी खुर्च्या मागवल्या, बायांना बसवलं, पाणी द्यायला लावलं. मग विचारलं, "किती वर्षं पाठ ऐकताय?"

"सव्वीस."

"सव्वीस वर्षांत तुम्हाला लिहिता-वाचता आलं नाही? मग कॉलेज काय शिकवतं, देखिए, मला तर हाच प्रश्न पडतो."

हॉलमधल्या दोन-तीन मुली खाली बघू लागल्या. दुर्गाबाईंचे कान तापले. पण आवाज चढला नाही.

"नाव लिहिता येतं साहेब, पाटी वाचता येते. पण इथं सही चालत नाही. सही करणारी बाई पाठ तपासायला बसली, की मास्तर तिच्याशी पुस्तकातलं बोलतो. अंगठेवाली बसली, की त्याला घाम फुटतो."

यामिनी मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. "मागच्या वर्षी तुम्ही किती जणांना नापास केलं?"

"अकरा. मग परत पाठ घेतले, तं नऊ पास झाले."

मॅडमनी अध्यक्षांकडं वळून हळू विचारलं, "सर, यंदा आपण सतरा कॉलेजं केली. पाठात नापास झालेला एक तरी विद्यार्थी मिळाला का?"

 अध्यक्षांनी चहा मागवला. चहा पिताना ते विचार करत होते, आणि माणूस अनुभवी असल्यामुळं वाट काढत होते. वाट त्यांना सापडली. त्यांनी मॅडमच्या लॅपटॉपवर चार ओळींचं पत्र करवून घेतलं, चिंतामणच्या मशीनवर छापलं, आणि टेबलावर ठेवलं. इंग्रजीत होतं.

"दुर्गाबाई, मी तुमच्या विरुद्ध नाही," ते म्हणाले. "यावर बाराजणींनी अंगठे द्या. नव्या वह्यांचा विषय मी काढत नाही. कोर्सला मान्यता मिळून जाईल. चाळीस मुलींचं कल्याण होईल."

वासुदेव सरांच्या जिवात जीव आला. त्यांनी स्वतः उठून शाईचं पॅड आणलं, झाकण उघडलं, आणि दुर्गाबाईंसमोर सरकवलं. "द्या बाई. झालं सगळं."

"काय लिहिलंय यात?"

"तेच, की तुम्ही पाठांना हजर होता."

दुर्गाबाईंनी कागद उचलला आणि मागं वळून म्हणाल्या, "मोनाली, इकडं ये. वाच."

मोनाली आली. तिनं कागद हातात घेतला, एकदा मनात वाचला.  तिला काहीही सांगता आलं असतं. सासूला इंग्रजी येत नव्हतं, आणि जुलैची जाहिरात समोर होती. एकच वाक्य गाळलं की सगळं सुटत होतं. तिनं कागद टेबलावर दाबून धरला.

"आम्ही खाली अंगठा देणाऱ्या बाया," तिनं मोठ्यानं मराठी करत वाचलं, "शिकाऊ शिक्षकांच्या पाठांना विद्यार्थी म्हणून बसत होतो. आम्ही कुणाचाही पाठ तपासलेला नाही. वहीतले अंगठे फक्त हजेरीचे आहेत."

मनोरमा म्हणाली, "हट्!"

दुर्गाबाई सुनेकडं बघत राहिल्या. रागानं नाही. त्यांना वाटलं, ही पोरगी घाबरली आहे आणि तरी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. 

"तुझी दोन वर्षं आहेत बेटा," त्या म्हणाल्या. "तू सांग, काय करू."

"मला विचारू नका मम्मीजी. मी वाचून दाखवलं. माझं काम तेवढंच."

दुर्गाबाईंनी शाईच्या पॅडचं झाकण लावलं. नीट दाबून लावलं.

"नाही साहेब. आम्ही शिकलो, ते बोनस. पण बसलो होतो तपासायलाच."

"मग मला निरीक्षक अपात्र असं लिहावं लागेल. मान्यता जाऊ शकते. समजतंय ना तुम्हाला?"

"समजतंय. लिहा. पण निरीक्षक लिहून मग अपात्र लिहा. विद्यार्थी लिहून पास करू नका आम्हाला." त्यांनी दम घेतला. "आणि अपात्र कोण, तेही लिहा. आमची नावं नाहीत तुमच्या कागदावर. नुसतं 'निरक्षर, निरक्षर' लिहिलंय चाळीस वेळा. भोपाळवाल्यांना वाटेल, एकाच बाईनं उद्योग केला."

एका मुलीला हसू फुटलं, मग पाच-सहा जणींना. त्यातली एक, जिचं लग्न नोकरीच्या भरवशावर ठरलं होतं, ती पुढं आली आणि टेबलावरची आपली नवी वही उचलून घेऊन गेली. मग दुसरी आली.  टेबल रिकामं होत गेलं. वासुदेव सर बघत होते. शेवटी त्यांनी उरलेल्या वह्या स्वतः गोळा केल्या आणि काखेत मारल्या. "जुन्या माझ्या कपाटात आहेत," ते अध्यक्षांना म्हणाले.  "सगळ्या. नापास धरून. आणतो."

अध्यक्षांनी कपाळ चोळलं. "वासुदेवजी, तुम्हीसुद्धा?"

"काय करू सर. माझ्याही पहिल्या पाठावर इथलाच अंगठा आहे."

यामिनी मॅडमनी फाइलीतून निरीक्षकांच्या माहितीचा कोरा फॉर्म काढला होता. त्यांनी अध्यक्षांना न विचारता तो सरळ मोनालीपुढं ठेवला. नाव, शिक्षण, अनुभव. मोनाली खुर्ची ओढून बसली.

"दुर्गा संघपाल गायकवाड," दुर्गाबाई म्हणाल्या. "शिक्षण, शाळेत नाही. अनुभव, सव्वीस वर्षं. पास दोनशे चौदा."

"नापास?" मोनालीनं मान वर न करता विचारलं.

"तो आकडाही लिही. एकशे तीन. त्यात तूही आलीस."

मोनालीनं लिहिलं. मग मनोरमा आली, एकोणीस वर्षं. मग तिसरी, जिचं नाव गावात कुणी घेत नसे, नुसतं 'कोपऱ्यावरची' म्हणत. तिनं आपलं पूर्ण नाव दोनदा सांगितलं आणि ते नीट लिहिलंय का, हे बोट ठेवून बघितलं. तीन ओळी भरल्या. फॉर्मवर तीनच ओळी होत्या. रांगेत अजून नऊजणी उभ्या होत्या.

डॉक्टर यशवर्धन पुढं वाकले. "फॉर्मवर इतकीच जागा आहे," ते म्हणाले. "जागा संपली."

"मागची बाजू कोरी आहे की," दुर्गाबाई म्हणाल्या. "पालट गं कागद."